एक्सेल सोडून क्यूजीआयएस आणि जिओपॅकेजवर आलो, सर्व्हेच्या डेटाबेसचा आठ महिन्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला नाही, मोजणीवाला आहे. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं मशीन), ट्रायपॉड, प्रिझम (ज्यावर त्या मशीनचा किरण मारतात तो) आणि खुंट्या, एवढंच माझं जग. डेटाबेस हा शब्द आठ महिन्यांपूर्वीपर्यंत फक्त ऐकून होतो. त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या प्रॉपर्टी सर्व्हेच्या फायली पडून आहेत आणि "एकदा हे सगळं नीट लावायला पाहिजे" असं दर महिन्याला बोलून होतं पण हात कोणी लावत नाही. ज्यांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येतं त्यांनी सोडून दिलं तरी चालेल, उगाच हसाल.

आमचा डेटाबेस म्हणजे आमचे काका. ऑफिसातले सगळ्यात जुने. कोणाचा तरी फोन यायचा, तुम्ही आमचा प्लॉट मोजला होता ना, नकाशाची कॉपी मिळेल का, आणि आम्ही काकांकडे बघायचो. काका डोळे मिटून सांगायचे, "अरे तो तिकोनी प्लॉट, ज्याच्या शेजारच्यानं कुंपण हातभर आत घेतलं होतं, उन्हाळ्यात मोजला बघ." सगळं आठवायचं हो, कुंपण आठवायचं, भांडण आठवायचं, फक्त फाइल कुठल्या कपाटात आहे ते आठवायचं नाही.

मग अर्थातच एक्सेल. सगळ्यांचं तिथूनच सुरू होतं. ओळींची काही अडचण आली नाही, दहा लाखांच्या वर ओळी मावतात त्यात, आपल्याला सात जन्म पुरतील. अडचण झाली प्लॉट नंबरची. "३-१२" टाइप केलं की एक्सेल लगेच त्याची तारीख करतं, आणि "००४५" चं ४५ होतं, पुढची शून्यं गायब. मला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय, तर नंतर कळलं की माणसाच्या जीन्सची नावं ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांनाही याच त्रासापायी काही नावं बदलावी लागली, २०२० मध्ये, कारण एक्सेल त्यांची मार्च आणि सप्टेंबरची तारीख करत होतं. म्हटलं जाऊ दे, आपण चांगल्या संगतीत आहोत.

तर प्रॉडक्ट काय आहे ते थोडक्यात. क्यूजीआयएस हे नकाशा आणि त्यामागची माहिती एकत्र हाताळणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, २००२ पासून चालू आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. जिओपॅकेज हा त्याचा नेहमीचा फाइल फॉरमॅट, आत एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो. म्हणजे एकच फाइल, तिच्यातच प्लॉटचे आकार, पॉइंट, मालकांची यादी, सर्व्हेची यादी, सगळी टेबलं. सर्व्हर नको, पासवर्ड नको, इन्स्टॉल करून देणारा भाचा नको. आधी मी शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा जुना फॉरमॅट) वापरायच्या बेतात होतो कारण सगळे तेच पाठवतात, पण तिच्यात कॉलमचं नाव १० अक्षरांच्या वर जात नाही आणि एका लेयरच्या, म्हणजे नकाशाच्या एका थराच्या, चार-पाच फायली होतात, त्यातली एक हरवली की बसा बोंबलत. ऑफिसात मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर पण होतं. त्याचे फॉर्म खरंच छान होतात, याबाबतीत क्यूजीआयएस त्याच्या जवळपासही नाही, पण नकाशा नाही, आणि मोजणीवाल्याला नकाशाशिवाय डेटाबेस म्हणजे प्रिझमशिवाय टोटल स्टेशन.

इन्स्टॉल करायला अर्धा तास लागला. आणि पुढचे तीन आठवडे मी चुकीचा डेटाबेस बनवत होतो.

चूक काय ती नीट सांगतो, कारण सॉफ्टवेअर कुठलंही घ्या हीच चूक होणार आहे. मी एक्सेलचीच शीट उचलली आणि तिचं एक मोठ्ठं टेबल केलं. प्लॉट नंबर, मालक, पत्ता, मोजणीची तारीख, कोणी मोजलं, क्षेत्र, नकाशाची फाइल, सगळं एका ओळीत. पन्नासेक ओळी भरल्यावर एक प्लॉट दुसऱ्यांदा आला, तोच प्लॉट पाच वर्षांनी परत मोजलेला, दुसऱ्या मालकानं मोजून घेतलेला. आता काय करायचं? जुन्या ओळीवर नवीन लिहिलं तर जुनी मोजणी गेली, नवीन ओळ घातली तर नकाशावर एकाच जागी दोन प्लॉट एकमेकांच्या डोक्यावर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की प्रॉपर्टी ही एक वस्तू आहे आणि सर्व्हे ही त्या वस्तूबाबत घडलेली घटना आहे, आणि मालक हा तिसराच, तो येतो नि जातो. तीन वेगळी टेबलं. प्रॉपर्टीला एक स्वतःचा आयडी, जो आपला आपण दिलेला, ज्याला काही अर्थ नाही, आणि तोच आयडी सर्व्हेच्या टेबलात. मालकासाठी मध्ये आणखी एक छोटं टेबल, कोण, कुठली प्रॉपर्टी, कधीपासून कधीपर्यंत.

प्लॉट नंबरलाच आयडी करायचा मोह होतो, करू नका. प्लॉटची फोड झाली की एकाचे तीन होतात, नंबर बदलतात, कधी दोन एकत्र होतात. मी "आधीचा कोण, नंतरचा कोण" एवढे दोनच कॉलम असलेलं टेबल ठेवलंय आणि आत्तापर्यंतचं सगळ्यात उपयोगी टेबल तेच निघालं.

नंतर कळलं की यावर चक्क एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ १९१५२, २०१२ साली आलेलं, आणि त्यातही मूळ गाभा हाच आहे: माणूस वेगळा, हक्क आणि बंधनं वेगळी, मालमत्तेचं युनिट वेगळं, जमिनीवरचा तुकडा वेगळा. अख्खं स्टँडर्ड छोट्या ऑफिसला झेपणार नाही, पण त्याचं एक चित्र बघितलं तरी पुरे, माझे तीन आठवडे वाचले असते.

मुख्य टेबलांमधलं चौथं पॉइंटचं. इथे एक बारीक गोष्ट. प्रत्येक जॉबमध्ये पॉइंट नंबर १ असतोच, त्यामुळे नुसता पॉइंट नंबर युनिक ठेवता येत नाही, सर्व्हे आयडी आणि पॉइंट नंबर मिळून युनिक. आणि मशीननं जे ईस्टिंग नॉर्दिंग (पूर्वेकडचं आणि उत्तरेकडचं अंतर) दिलं ते जसंच्या तसं साध्या आकड्याच्या कॉलममध्ये ठेवायचं, हात लावायचा नाही, नकाशावरची जागा वेगळी. युनिट पण लिहायचं. फुटातसुद्धा दोन प्रकार आहेत, ०.३०४८ मीटरचा इंटरनॅशनल फूट आणि अमेरिकेतला सर्व्हे फूट, जो त्यांनी २०२२ अखेर बंद केला. फरक दहा लाखात दोन इतका, म्हणजे प्लॉटच्या बाजूत दिसणारही नाही, पण को-ऑर्डिनेटचा आकडा वीस लाख फुटांचा असेल तर थेट चार फुटांनी सरकणार.

आता मजा ऐका. पहिली जुनी फाइल इम्पोर्ट केली, टोटल स्टेशनची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची साधी फाइल. आमच्या मशीनमधून येताना क्रम असतो पॉइंट, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, कोड. क्यूजीआयएस विचारतं एक्स कुठला, वाय कुठला. मी क्रमानंच निवडलं, पॉइंटनंतरचा पहिला एक्स दुसरा वाय. प्लॉट आला स्क्रीनवर. क्षेत्र काढलं, कागदावरच्या क्षेत्राशी दशांशापर्यंत तंतोतंत जुळलं. मी खूश, काकांना बोलावून दाखवलं. काका चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "अरे रस्ता उत्तरेला होता, हा पूर्वेला कसा आला?" एक्स म्हणजे ईस्टिंग, आणि मी दिलं होतं नॉर्दिंग. प्लॉट आरशात बघितल्यासारखा उलटा झाला होता. आणि आरशातल्या प्लॉटचं क्षेत्र तेवढंच राहतं हो! बाजूंची लांबीही तीच. म्हणजे आपण ज्या दोन गोष्टी तपासतो त्या दोन्ही पास. फाइल लोकल को-ऑर्डिनेटमधली (आपणच धरलेल्या आकड्यापासून मोजलेली) होती म्हणून प्लॉट लांब कुठे जाऊन पडला नाही, नाहीतर लगेच कळलं असतं. तेव्हापासून प्रत्येक इम्पोर्टनंतर मी एक तरी ओळखीची खूण बघतो, विहीर, विजेची डीपी, रस्ता, काहीतरी.

लोकल को-ऑर्डिनेटवरून आठवलं. जुन्या काळी पहिलं स्टेशन १०००, १००० धरून काम सुरू करायचो. आता ते सगळे जॉब क्यूजीआयएसमध्ये घातले की एकाच ठिकाणी ढीग, वेगवेगळ्या गावांतले वीस प्लॉट एकमेकांत घुसलेले. याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, प्रत्येकाचे निदान दोन, खरं तर तीन-चार पॉइंट जागेवर जाऊन जीएनएसएसनं (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रिसीव्हरनं) परत घ्यावे लागतात आणि मग जॉब ओढून बसवावा लागतो. मी सध्या त्यांना नकाशावर फक्त एक ठिपका दिलाय, "प्लॉट साधारण इथे आहे" एवढाच, आणि एका कॉलममध्ये स्पष्ट लिहिलंय की आकार बसवलेला नाही. अर्धवट बसवून ठेवलेला आकार सगळ्यात वाईट, कारण दोन वर्षांनी कोणीतरी तो खरा समजून वापरतो.

क्षेत्राबद्दल क्यूजीआयएसवर माझा जरा राग आहे. क्षेत्र काढायचे दोन मार्ग आहेत, एक डॉलर एरिया नावाचं आणि एक साधं एरिया फंक्शन, आणि दोन्ही वेगळं उत्तर देतात. पहिलं पृथ्वीचा गोलावा धरून, प्रोजेक्टच्या सेटिंगप्रमाणे, दुसरं लेयर ज्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) आहे त्यातल्या सपाट कागदावर. लेयर अक्षांश-रेखांशात असेल आणि साधं फंक्शन लावलं तर उत्तर अंशांच्या वर्गात येतं, फॉर्मवर दिसतं चक्क शून्य. हे तरी बरं, शून्य दिसलं की माणूस सावध होतो. यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून मीटरमध्ये मांडणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये, जास्त फसगत. यूटीएमच्या झोनच्या मधल्या रेषेवर स्केल ०.९९९६ असतं, म्हणजे जमिनीवरचे १००० मीटर नकाशात ९९९.६, आणि एका हेक्टरचे १०,००० चौरस मीटर होतात ९,९९२. आठ चौरस मीटर! मधल्या रेषेपासून साधारण १८० किलोमीटर लांब गेलं की फरक शून्यावर येतो, पुढे उलटा होतो. हे पार्टीला समजावून बघा. आठ चौरस मीटर कुठे गेले याचं उत्तर "नकाशाच्या प्रोजेक्शनमध्ये गेले" असं दिलं तर परत काम मिळणार नाही. म्हणून टेबलात क्षेत्राचे तीन कॉलम ठेवले: कागदावरचं, मोजणीत आलेलं, आणि सॉफ्टवेअरनं काढलेलं. तिन्ही वेगळे आकडे असणारच, एकावर दुसरा कधीच लिहायचा नाही.

फॉर्मचं काम बरं आहे. ड्रॉपडाउन करता येतात, एखादा कॉलम रिकामा ठेवू द्यायचा नाही असं सांगता येतं, एका प्रॉपर्टीच्या फॉर्ममध्ये खाली तिचे सगळे सर्व्हे दिसतात. ड्रॉपडाउनची यादी मी केली होती, हद्दीची खूण कसली आहे, दगड, लोखंडी सळई, काँक्रीटचा खांब, भिंतीचा कोपरा वगैरे. काका म्हणाले यात "माहीत नाही" घाल. मी म्हटलं कशाला, मग सगळे तेच निवडतील. ते म्हणाले, "नाही घातलंस तर सगळे दगड निवडतील." घातलं. आणि "नोंद नाही" वेगळं घातलं, कारण जागेवर जाऊनही खूण सापडली नाही हे वेगळं आणि फाइलमध्ये लिहिलेलंच नाही हे वेगळं.

एक खोच आहे, प्लॉटचे तुकडे करायचं टूल वापरलं की दोन्ही तुकड्यांना मूळ ओळीची माहिती कॉपी होऊन मिळते, क्षेत्राच्या कॉलममध्येही दोघांना अख्ख्या प्लॉटचं क्षेत्र. सॉफ्टवेअरनं काढलेल्या क्षेत्राला डिफॉल्ट व्हॅल्यू देऊन "अपडेट झालं की परत लाव" ही टिक मारली की तेवढं सुटतं. ती टिक इतकी कोपऱ्यात आहे की मला दोन महिने दिसली नाही.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. रोज संध्याकाळी मी जिओपॅकेजची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायचो. शिस्तीत. एकदा कम्प्युटर बिघडला, पेनड्राइव्हवरची फाइल उघडली, तर त्या दिवसाच्या नोंदीच नाहीत. झालं असं होतं की कॉपी करताना क्यूजीआयएस उघडंच होतं, आणि उघडं असताना त्या फाइलशेजारी आणखी दोन छोट्या फायली तयार होतात, एकीच्या नावाला शेवटी डब्ल्यूएएल लागतं. ताज्या नोंदी आधी तिच्यात जातात, मुख्य फाइलमध्ये नंतर. मी मुख्य फाइल तेवढी उचलत होतो आणि त्या दोन कचरा समजून सोडून देत होतो. म्हणजे बॅकअप घ्यायचा तर आधी क्यूजीआयएस बंद. आणि प्रोजेक्टची फाइल पण घ्यायची, कारण फॉर्म आणि टेबलांमधलं नातं प्रोजेक्टमध्ये असतं, जिओपॅकेजमध्ये नुसता डेटा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

दुसरी मर्यादा, एका वेळी एकच माणूस लिहिणार असेल तर हे उत्तम. फाइल नेटवर्कवर ठेवून दोघांनी एकदम एडिट करायला घेतलं की "डेटाबेस लॉक्ड" येणार, आणि नेटवर्क ड्राइव्हवर एसक्यूलाइट वापरणं तसंही धोक्याचं, फाइल खराब होऊ शकते. आमच्याकडे तिघं झालो तेव्हा पोस्टग्रेस हा सर्व्हरवरचा डेटाबेस आणि त्यावर नकाशांसाठी पोस्टजीआयएस असं टाकलं. तेही फुकट. भीती वाटली होती, पण टेबलं आधीच नीट वेगळी होती म्हणून क्यूजीआयएसच्या ब्राउझरमधून लेयर ओढून सर्व्हरवर टाकले, झालं. आयडीच्या सेटिंग आणि टेबलांमधल्या अटी परत लावाव्या लागल्या, त्यात एक रविवार गेला. तिथे एका ओळीच्या क्वेरीत "कुठले प्लॉट एकमेकांवर चढलेत" हे विचारता येतं, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा आलेली यादी बघून मी कम्प्युटर बंद करून घरी गेलो. पण सुरुवातच पोस्टजीआयएसपासून करा असं मी कोणाला सांगणार नाही. टेबलं कशी पाडायची हे कळेपर्यंत तुम्ही चार वेळा सगळं मोडून परत करणार आहात, आणि ते एका फाइलमध्ये करणं सोपं, डिलीट केली की नवीन.

क्यूफील्डबद्दल थोडं. हे मोबाइलवरचं अ‍ॅप, क्यूजीआयएसचं प्रोजेक्ट मोबाइलवर उघडतं, तेच फॉर्म, तेच ड्रॉपडाउन. खुणांचे फोटो काढून थेट त्या पॉइंटला जोडायला झकास. पण मोबाइलच्या जीपीएसवर हद्द मोजू नका रे बाबांनो, तो चार-पाच मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो. बाहेरचा चांगला रिसीव्हर ब्लूटूथनं जोडता येतो, मग गोष्ट वेगळी.

बाकी तक्रारी किरकोळ. मेनूत इतकी बटणं आहेत की पहिल्या आठवड्यात पॅनल गायब झालं तर परत आणता येत नाही. नकाशाची पीडीएफ काढली तर त्यातलं नाव सर्च होत नाही, कारण अक्षरांचं चित्र करून टाकणं हेच डिफॉल्ट आहे, सेटिंग बदलता येतं पण मग देवनागरी नीट आली का ते डोळ्यांनी तपासा. प्रॉपर्टी डिलीट केली तरी तिचे सर्व्हे मागे अनाथ राहतात, नातं जोडताना काय निवडलंय त्यावर आहे ते. मी तर डिलीटच बंद केलंय, "रद्द" नावाचा कॉलम आहे.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार त्या क्षेत्राच्या दोन फंक्शनसाठी आणि लपवलेल्या टिकसाठी कापला. एकट्यानं किंवा दोघांनी काम करणाऱ्या सर्व्हेवाल्यांनी डोळे झाकून घ्यावं. ज्यांना फक्त बिलं आणि पार्ट्यांचे फोन नंबर ठेवायचेत त्यांना हे जड होईल.

सुरू करणार असाल तर सगळं कपाट घेऊन बसू नका. दहाच फायली काढा, पण मुद्दाम वाकड्या: एक दोनदा मोजलेली, एक फोड झालेली, एक चार भावांच्या नावावरची, एक लोकल को-ऑर्डिनेटमधली, एक जिच्यात तारीखच नाही. या दहा ज्या टेबलांत बसतील त्यात बाकीच्या बसतात. माझ्या दहामधली नऊ बसली. दहावी त्या तिकोनी प्लॉटची होती, ती फाइल अजून सापडलेली नाही, प्रॉपर्टीच्या टेबलात ओळ आहे, सर्व्हेच्या टेबलातही आहे, आणि कागद कुठे आहे या कॉलमात मी लिहिलंय "काकांना विचारा".